जुन्या गाडीला मॅगव्हील लावण्याआधी ब्रेक उघडून बघा

माझी स्विफ्ट २००८ची. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत नेऊन, तपासणी करून आरसी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. गाडी आता घरातच राहणार म्हटल्यावर तिला जरा नटवावं असं वाटलं आणि मॅगव्हीलचा, म्हणजे अॅल्युमिनियमच्या रिमचा, सेकंडहँड सेट घेतला. दुकानदाराने पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, पाहिला, "चार-शंभर आहे, बसतंय" म्हणाला. चाकं बसलीही.

तिसऱ्या आठवड्यात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतो. मागच्या सीटवर आई-बाबा. पुढच्या डाव्या चाकातून आधी वळणावर, मग सरळ रस्त्यावरही कट्-कट् आवाज यायला लागला. गाडी कडेला घेतली. त्या चाकाचे चारपैकी दोन नट बोटांनी फिरत होते. काढून पाहिले तर आतले आटे सोलून निघाले होते. टो करून खाली आणली, चाक उतरवलं, तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. त्याच चाकाचा आतला ब्रेक पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत झिजला होता आणि बाहेरचा निम्मा शिल्लक होता. मॅगव्हील बसवताना तो पॅड दुकानात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडा होता, माझ्याही. कुणी पाहिला नाही.

त्यानंतर मी हे काम हळूहळू शिकलो. आता कुणी मला मॅगव्हीलबद्दल विचारलं की मी आधी ब्रेकबद्दल विचारतो. दोन्ही एकाच हबवर, म्हणजे चाकामागच्या मधल्या फिरत्या भागावर, बसतात, एकासाठी दुसरं उतरवावंच लागतं, आणि चाकांचे पैसे देण्याआधी ब्रेकला किती लागणार ते कळलेलं बरं. खालची उदाहरणं पहिल्या पिढीच्या स्विफ्टची आहेत, म्हणजे २००५ ते २०११च्या. आकडे तुमच्या गाडीचे वेगळे असतील. पद्धत हीच.

गाडी उचलताना

सपाट, कडक जमीन हवी. सोसायटीच्या उतारावर हे काम करू नका. गाडी पहिल्या गियरमध्ये टाका आणि दुसऱ्या टोकाच्या, म्हणजे न उचललेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. पुढचं चाक काढणार असाल तर हँडब्रेक ओढा. मागचा ड्रम उघडायचा असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, त्यामुळे तेव्हा सगळी भिस्त दगडांवर आणि गियरवर असते.

नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा वळसा ढिले करा, मग जॅक लावा. जॅक दरवाज्याखालच्या पट्टीवर ज्या ठिकाणी खाचा आहेत तिथेच. जुन्या गाडीत, विशेषतः कोकणात वापरलेल्या गाडीत, ही पट्टी आतून गंजलेली असते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. आवाज भदभदीत आला किंवा पत्रा दबला तर तिथे जॅक लावू नका. गाडी उचलली की खाली लोखंडी स्टँड द्या. स्टँड नसेल तर काढलेलं चाक आडवं करून पट्टीखाली सरकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही.

चाक काढण्याआधी ते वर-खाली धरून हलवा. खटका लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल आहे. मग डावी-उजवीकडे धरून हलवा. तिथे खटका असेल तर स्टिअरिंगच्या सांध्यांकडे संशय जातो. चाक हाताने फिरवून कान द्या. घरघर ऐकू आली तर बेअरिंगचं काम आधी.

पुढचे ब्रेक

चाक निघालं की डिस्क आणि तिला दोन पॅडच्या चिमटीत धरणारा कॅलिपर समोर येतात. बाहेरचा पॅड सहज दिसतो. आतला बघायला मान वाकडी करून मोबाइलची बॅटरी मारावी लागते, आणि जास्त झिजतो तो बहुधा आतलाच. मसाला, म्हणजे पॅडचा घासणारा थर, तीन मिलिमीटरपर्यंत आला असेल तर नवे पॅड घ्या. दोन्ही पॅडमध्ये मोठा फरक असेल तर मात्र नुसते पॅड बदलून भागणार नाही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एखादी अडकलेली असते. मग पिस्टनच्या बाजूचा आतला पॅड एकटाच काम करत राहतो. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

डिस्कवर बोट फिरवा (गार असताना). कडेला वर आलेली धार जाणवते. डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियरने जाडी मोजून त्याच्याशी ताडून पाहा. घासून घेतल्यावर जाडी त्या आकड्याखाली जाणार असेल तर लेथवर फेस मारून घेण्यात अर्थ नाही, नवी जोडी घ्या. डिस्क, पॅड, मागच्या ड्रममधले लायनर हे सगळं जोडीनेच बदलायचं. एकाच बाजूचं बदललं की ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते.

पॅड बदलायचं काम नवशिक्याला जमण्यासारखं आहे, पण पहिल्यांदा कुणीतरी माहीतगार शेजारी उभा असू द्या.

१. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या बाटलीची लेव्हल पाहा. पिस्टन आत दाबला की ऑइल वर चढतं. बाटली काठोकाठ असेल तर थोडं आधीच काढून घ्या. हे ऑइल रंग खातं, बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

२. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला, किंवा दोन्ही बोल्ट काढून तो तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. रबरी होजवर लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटतो. बाहेरून काहीच दिसत नाही आणि महिन्याभराने ब्रेक जाम धरायला लागतो.

३. दोन्ही पिना बाहेर काढून पुसा. गंज असेल तर पिन बदला. त्यांना सिलिकॉनचं, उष्णतेला टिकणारं ब्रेक ग्रीसच लावा. साधं पिवळं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

४. पिस्टनभोवतीचं रबर फाटलंय का, ओलं आहे का, ते पाहा. ठीक असेल तर जुना पॅड आडवा ठेवून पिस्टन हळूहळू, सरळ आत दाबा. हाताला फार जड गेला तर आतून गंजलाय. मग कॅलिपर उघडून रबरी किट टाकणं हे मेकॅनिकचं काम.

५. नवे पॅड बसवा, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळा. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीसचं किंवा ऑइलचं बोटही लागता कामा नये.

६. गाडी हलवण्याआधी पेडल पुन्हा पुन्हा दाबा, ते कडक होईपर्यंत. पिस्टन आत ढकललेला असल्याने पहिल्या दोन-तीन दाबांत ब्रेक लागतच नाही. घरच्या भिंतीवर आदळलेल्या गाड्यांची गोष्ट बहुतेक इथूनच सुरू होते.

मग रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १०पर्यंत, मध्यम जोराने, असं आठ-दहा वेळा करा. पूर्ण थांबू नका आणि दर वेळी मध्ये डिस्कला थोडा वारा लागू द्या. पॅड डिस्कवर नीट बसतात. पहिले दोनेकशे किलोमीटर घाटात जाऊ नका.

मागचे ड्रम

मागचे ड्रम कुणी उघडत नाही, म्हणून बिघाड तिथे साचतो. हँडब्रेक सोडा, ड्रमवर दोन आट्यांची भोकं दिसतात त्यात योग्य मापाचे बोल्ट घालून आलटून-पालटून आवळा, ड्रम बाहेर येतो. काही गाड्यांत ड्रमच्या पोटातच बेअरिंग असतं आणि मधला मोठा नट काढावा लागतो. तुमच्या गाडीत तसं असेल तर पहिल्या वेळेला मेकॅनिककडेच करा, कारण त्या नटाचा टॉर्क चुकला की बेअरिंग जातं.

आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. गॅरेजमध्ये पोरं एअर गनने धूळ उडवताना दिसली तर त्यांनाही थांबवा. त्यांची फुप्फुसं रोज ती धूळ खातात.

आत पाहायचं ते लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरकडे. त्याच्या दोन्ही टोकांची रबरं हळूच उचला. आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय. लायनर ऑइलने भिजले असतील तर ते धुऊन, जाळून, कोरड्या कागदाने घासून परत वापरायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. भिजलेला लायनर गरम झाला की पुन्हा ऑइल सोडतो. दोन्ही बाजूंचे नवे टाका.

एक सवय मोडायला हवी: पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस उभी ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवणं. ओल्या हवेत लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागेत गियरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

ब्रेक ऑइल

आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. त्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चमचाभर गेलं तरी सिस्टीममधली सगळी रबरं फुगतात. बाटलीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. डॉट ३ आणि डॉट ४ एकाच जातीचे आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात कधीही मिसळायचं नाही.

हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरड्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषल्यावर प्रमाणित किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल तर कॅलिपरमधलं जुनं ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते. पेडल तळाला जातं, ब्रेक लागत नाही. आंबेनळीत माझं पेडल मऊ लागत होतं, ते मी दुर्लक्षित केलं होतं. ऑइल चहाच्या रंगाचं झालेलं होतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदला, आणि ज्या गियरमध्ये घाट चढला असता त्याच गियरमध्ये उतरा.

बदलायला दोन माणसं लागतात. एक पेडल दाबून धरतो, दुसरा चाकापाशी ब्लीडरचा (ऑइल बाहेर सोडायचा) नट पाव वळसा उघडतो, जुनं ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत जातं, नट बंद केल्यावरच पेडल सोडायचं. सहसा मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरपासून, सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे तो ड्रायव्हरसमोर उजवीकडे असतो, म्हणजे आधी मागचं डावं. पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. वरच्या बाटलीतली लेव्हल मध्येच संपू देऊ नका, नाहीतर हवा आत जाते आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा.

जुन्या गाडीत आणखी एक काळजी. असं ऑइल बदलताना पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरचा जो भाग वर्षानुवर्षं वापरातच नव्हता तिथे गंज आणि घाण साचलेली असते. त्यावरून रबर गेलं की कापतं, आणि काल चांगला असलेला मास्टर सिलिंडर आज जातो.

शेवटी दोन तपासण्या. इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर एकसारखं दाबून धरा. हळूहळू खाली जात राहिलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून सोडतोय. मग इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक झाल्यावर दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली आलं तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ठीक आहे.

आता मॅगव्हील

ब्रेक मनासारखे झाले की मग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ला-कलिना भागात, किंवा तुमच्या गावात जिथे मिळतं तिथे जा. "चार-शंभर" म्हणजे चार भोकं आणि ती ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास १०० मिलिमीटर. स्विफ्ट, ह्युंदाई आय-१०, होंडा सिटी, सगळ्या चार-शंभर. म्हणूनच एकीची चाकं दुसरीला सर्रास लावली जातात. पण त्याखेरीज किमान चार गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, मधलं भोक. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर, सिटीचा ५६.१. सिटीचं चाक स्विफ्टवर चढतं, पण दोन मिलिमीटर सैल. बाजारातल्या मॅगव्हीलचं भोक तर मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, ६७.१ किंवा ७३.१. ही फट भरायला मधे रिंग टाकतात. ती अगदी नेमक्या मापाची हवी. रिंग नसेल तर चाक थोडं बाजूला बसू शकतं, ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि माणूस बॅलन्सिंगवर पैसे घालवत राहतो.

दुसरी, नटाचे आटे. सुझुकीच्या स्टडचे, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या बोल्टचे, आटे एम१२ × १.२५ (जाडी बारा मिलिमीटर, दोन आट्यांतलं अंतर १.२५), ह्युंदाई आणि होंडाचे एम१२ × १.५. दिसायला नट सारखेच. १.५चा नट सुझुकीच्या स्टडवर एक-दोन फेरे जातो आणि अडतो. हाताने लावला असता तर तिथेच कळलं असतं. इम्पॅक्ट गनने, म्हणजे नट आवळायच्या यंत्राने, तो आटे सोलत घुसतो आणि "घट्ट बसला" असं वाटतं. माझ्या सेटबरोबर आलेले नट असेच दुसऱ्या गाडीचे होते.

तिसरी, नटाची बैठक. होंडाच्या मूळ चाकात नट गोलाकार खोबणीत बसतो, बाजारच्या बहुतेक मॅगव्हीलमध्ये ६० अंशांच्या शंकूत. शंकूचा नट गोल खोबणीत घातला तर तो फक्त एका कडेवर टेकतो. टॉर्क बरोबर दाखवतो आणि शंभर किलोमीटरमध्ये ढिला होतो.

चौथी, ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून चाक हबला टेकतं त्या जागेचं अंतर. रिमच्या मागच्या बाजूला ईटी ही अक्षरं आणि त्यांच्यापुढे हा आकडा असतो. मूळ चाकापेक्षा तो कमी असेल तर चाक बाहेर येतं, बेअरिंगवर भार वाढतो, मागे तिघं बसले की टायर फेंडरला घासतो. जास्त असेल तर चाक आत कॅलिपर किंवा सस्पेन्शनला लागू शकतं. मी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक घेत नाही. फरक भरून काढायला स्पेसर नावाच्या चकत्या विकतात, त्यांनी नटाला मिळणारे आटे कमी होतात. घेऊ नका.

साइज ठरवताना कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला काय दिलं होतं ते पाहा. माझ्या व्हीएक्सआयला १६५/८० आर१४ (रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेच्या उंचीचं रुंदीशी टक्क्यांत प्रमाण, रिमचे इंच) टायर होते, झेडएक्सआयला १८५/७० आर१४. दोघांची उंची जवळपास सारखी, ६२० आणि ६१५ मिलिमीटर. १५ इंची रिम हवीच असेल तर १८५/६५ आर१५ची उंची ६२१ येते. १९५/५५ आर१५ मात्र ५९६वर जातो. गाडी खाली बसते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची बंधनं आहेत, आणि बाहेरून लावलेली मॅगव्हील विमा कंपनीला कळवून पॉलिसीत घातली नाहीत तर त्यांची भरपाई मिळत नाही. दोन्ही कारणांनी कंपनीच्याच साइजला धरून राहिलेलं बरं.

रिम हातात घेऊन मागची बाजू पाहा. जेडब्ल्यूएल ही जपानी मानकाची खूण आणि किती किलो भार पेलेल तो आकडा असायला हवा. नवी रिम असेल तर आयएसआय खूणही पाहा. सेकंडहँड रिम धुऊन, दांड्यांच्या मुळाशी आणि नटांच्या भोकांभोवती केसासारखी चीर शोधा. नवा जाड रंग मारलेला असेल तर मी सरळ परत करतो. चीर वेल्डिंगने भरलेली रिम फुकट मिळाली तरी नको. अॅल्युमिनियमच्या रिमला तिची ताकद उष्णता-प्रक्रियेने आलेली असते, वेल्डिंगच्या आचेने नेमक्या त्याच जागी ती जाते. खड्ड्यात वाकलेली रिम गॅसच्या ज्योतीवर तापवून ठोकून देणाऱ्यांचंही तेच.

जुने टायर सेटबरोबर येत असतील तर कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. खाच १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद.

बसवताना

हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा. गंजाचा पापुद्रा किंवा रिमच्या मागचा जाड रंग मधे राहिला तर तो काही दिवसांत चेपतो आणि नट सैल पडतात. स्टडला ग्रीस लावू नका. ग्रीस लावल्यावर त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

चारही नट आधी हाताने लावा. १.२५च्या आट्यांना नटाने पक्कं बसेपर्यंत दहाएक पूर्ण फेरे घ्यायला हवेत, १.५ला आठ. दोन-तीन फेऱ्यांतच अडला किंवा टेकला तर थांबा, नट चुकीचा आहे. मग समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा, गाडी खाली घ्या आणि शेवटचा ताण टॉर्क पान्याने द्या. आकडा तुमच्या पुस्तिकेतला. या वर्गातल्या गाड्यांना तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. दुकानात गन वापरणार असतील तर "नट हाताने लावा, शेवटचं मी करतो" असं स्पष्ट सांगा. माझ्या अनुभवात कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही.

चाक जमिनीवर टेकण्याआधी एकदा हाताने फिरवून पाहा, आतून चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन कॅलिपरला घासत नाही ना. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून टायर कुठे लागतो का पाहा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर, चाकं गार असताना, नट पुन्हा त्याच टॉर्कला तपासा. मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

आणि मॅगव्हीलचे नट वेगळे असतील तर मूळ पत्र्याच्या चाकाचे चार नट पिशवीत घालून स्टेपनीच्या खोबणीत ठेवा, लॉक नट असेल तर त्याची किल्लीही. रात्री पंक्चर झाल्यावर स्टेपनी त्याच नटांनी बसणार आहे.